मावशींनी न वाचलेला फॉर्म

जिममध्ये नाव घालायला आलेल्या माणसाला आधी मावशींच्या तावडीतून सुटावं लागे. त्यांचं टेबल दाराला लागूनच होतं. भाच्याने जिम काढली आणि घरी रिकाम्या बसलेल्या मावशीला तिथे आणून बसवलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, हसतमुख बाई आहे, नावं लिहून घेईल. पण मावशींनी बावीस वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलं होतं. वाचल्याशिवाय त्या कुणाला सही करू देतील तर शपथ! चष्मा सावरून त्या दोन पानी फॉर्म मोठ्याने वाचत. ‘यंत्रातील बिघाडामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास चालक जबाबदार राहणार नाहीत’ या ओळीपाशी थांबून समोरच्याच्या तोंडाकडे बघत आणि मगच पेन देत. दोघंतिघं तर तिथूनच परत फिरले होते.

“मावशी, अगं माणसं पळवून लावतेस तू!” भाचा कुरकुरायचा.

“पळू देत की. तेवढाच व्यायाम.”

भाचा तसा मनाने चांगला, पण त्या फॉर्मवर त्याची भारी भिस्त. एके दिवशी मावशींना दिसलं, पुलीच्या मशीनची तार उसवलीय. आवरण फाटून आतले पदर तुटायला लागले होते. तार तुटली असती, तर लोखंडी दांडा थेट ओढणाऱ्याच्या टाळक्यात बसला असता. त्यांनी लगेच भाच्याला गाठलं.

“नवी मागवलीय गं. येईल आठवड्याभरात.”

“तोवर मशीन बंद ठेव.”

“सगळ्यांत जास्त चालतं ते! आणि सह्या घेतल्यात ना आपण सगळ्यांच्या? तूच तर रोज वाचून दाखवतेस.”

“अरे, कुणी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर वजन पाडून घेतलं, तर येईल तुझा कागद कामाला. पण तार गेलीय हे तुला ठाऊक आणि तू गप्प, तर त्या सहीला कोर्टात कुत्रं विचारणार नाही. आमच्या वकीलसाहेबांनी असले कागद किती निकालात काढले, ते मी टाइप केलंय.”

भाच्याने हसून विषय उडवून लावला. मावशींचा मात्र जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं टेबल पुलीच्या मशीनपुढेच सरकवलं आणि कुणी आलं की “गुडघे धरलेत हो, उठवू नका” म्हणत ठिय्या दिला. संध्याकाळी भाच्याने टेबल पुन्हा दाराशी नेलं. मग मावशींनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ही थोरली म्हणजे भाच्याची आई.

सकाळी ताई पांढरेशुभ्र बूट घालून हजर. “नाव घालायचंय माझं.”

मावशींनी फॉर्म पुढे केला. या खेपेला एक अक्षर वाचलं नाही. ताईंनी झोकात सही ठोकली आणि बाह्या सरसावून थेट पुलीचं मशीन गाठलं. एक धिप्पाड गृहस्थ नुकताच त्यावरून उठून घाम पुसत होता.

भाचा पलीकडे कुणाला तरी उठाबशा शिकवत होता. आईचा हात दांड्याकडे जातोय हे दिसलं मात्र, तो जिवाच्या आकांताने ओरडला, “आई, हात लावू नकोस! तार तुटेल ती!”

सगळी जिम जागच्या जागी थांबली. धिप्पाड गृहस्थाने सावकाश स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. “म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?”

भाचा धावत येऊन आई आणि मशीनच्या मधे उभा राहिला.

“घाबरतोस कशाला एवढा?” मावशी टेबलावरूनच म्हणाल्या. “सही केलीय तिने.”

भाच्याने मशीनवर ‘बंद’ अशी पाटी लावली, त्या गृहस्थाची हात जोडून माफी मागितली आणि खाली मान घालून टेबलापाशी आला. तिथे ताई खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. मावशींनी सांगितल्याप्रमाणे त्या दांड्याला बोटही लावणार नव्हत्या, पण हे लेकाला सांगायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

“चष्मा घरी राहिलाय बाबा माझा,” फॉर्म त्याच्या हाती देत त्या म्हणाल्या. “सही कशावर केली, तेवढं वाचून दाखव.”

तो वाचू लागला. पहिलं पान भराभर झालं. दुसऱ्या पानावर ‘यंत्रातील बिघाडामुळे इजा किंवा’ इथवर आला आणि अडला. आईकडे बघितलं. पुढचा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेना.

“मावशी, पेन दे,” तो म्हणाला. मावशींनी दिलं, आणि त्याने ती ओळ खोडली.