बाबांची पाठ

तिळाचं तेल तापल्याचा वास आला, की मला राळेगावच्या आमच्या घराची ओसरी आठवते. नागपूरला मसाजचं शिक्षण पुरं करून, यवतमाळच्या एका सेंटरवर कामाला लागून मी पहिल्यांदाच घरी आले होते. त्या दिवशी सोयाबीनची पोती उचलताना बाबांची पाठ धरली होती, त्यांना उभंही राहवत नव्हतं. मी लगबगीने तेलात ओवा टाकून ते कोमट केलं आणि त्यांच्यापाशी बसले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "नोको लावू हात," ते म्हणाले, "कोनाकोनाच्या अंगाले लागते तो, मले का मालूम?" आई म्हणाली, "अवो, पोरगी हाय तुमची. शिकून आली." "म्हनूनच सांगून राह्यलो." मग शेजारच्या काकांना बोलावलं. ते बाबांच्या पाठीवर गुडघा रेटत होते, बाबा कण्हत होते आणि मी चुलीपाशी बसून ते ऐकत होते. आज बाबांच्या वयाची कितीतरी माणसं माझ्याकडून पाठ मोकळी करून घेतात, उठताना 'पोरी, सुखी राहा' म्हणतात. बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांना शेवटची आंघोळ घालायलाही गावातले पुरुषच पुढे झाले. मी दारात उभी राहिले.