मोगऱ्याचं अत्तर आणि बदनाम नाग

मोगऱ्याचा वास आला की बायका म्हणे हळव्या होतात. मला राग येतो. लग्नाच्या मांडवात कुणी हातावर अत्तराचं बोट फिरवलं की आधी क्षणभर बरं वाटतं आणि लगेच डोकं तापतं. इतकी वर्षं झाली तरी तापतं.

ते क्षणभर बरं वाटणं सांगलीचं आहे. माहेरी मागच्या अंगणात आईचा मोगऱ्याचा वेल होता. दिवेलागणीच्या आधी ती टपोऱ्या कळ्या खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवायची. आम्ही जेवायला बसेपर्यंत कळ्या उमलायच्या आणि वास सगळ्या घरात फिरायचा, आमटीच्या फोडणीतही मिसळायचा. सकाळी त्यातली दोन फुलं माझ्या वेणीत. त्या वासात मी शाळा केली, कॉलेज केलं, बी. ए. झाले. कुणी कधी हटकलं नाही.

मग नव्वदनंतरच्या त्या वर्षांत लग्न झालं आणि मी शिराळ्याला आले. सासर शेतीवाडीचं, उसाचं, आणि नवरा फौजेत. लग्नानंतरच्या पहिल्या लांब सुट्टीवर तो वैशाखात आला, तेव्हा उत्तरेकडच्या कुठल्याशा बाजारातून माझ्यासाठी मोगऱ्याच्या अत्तराची कुपी घेऊन आला. काचेचं बूच, बोटाएवढी बाटली. मी बूच काढलं आणि आईचं मागचं अंगण थेट त्या खोलीत आलं. मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, म्हणाला, "आवडलं न्हाई व्हय?"

आवडलं नाही! मी ते मनगटाला लावलं, कानामागे लावलं आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, चुलीपुढे होत्या. त्यांनी मान वर केली, दोनदा हुंगलं आणि चिमटा खाली ठेवला.

"ते काय लावलंस? नगं लावूस. मोगऱ्याच्या वासाला नाग येतो. शिराळ्यात ऱ्हातीस, एवढं ठावं न्हाई व्हय?"

कुपी त्यांच्या ट्रंकेत गेली आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. सरहद्दीवर छाती काढून उभा राहणारा माणूस आईपुढे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "ऱ्हाऊ दे गं, आई म्हनती तर ऐक," एवढंच बोलला. सुट्टी संपली, तो गेला. माझ्यासाठी आणलेली एकुलती एक वस्तू मात्र कुलपात राहिली.

मी सांगलीची. कृष्णेच्या पुरात वाहून आलेले साप पायरीवर पाहत वाढलेली. नागाला बेडूक लागतो, उंदीर लागतो; त्याला मोगऱ्याशी काय करायचंय? पण शिराळ्यात नागाविषयी शंका काढायची म्हणजे देवाविषयी काढल्यासारखं. मी गप्प बसले. गप्प राहिले असतेही, पण त्याच महिन्यात मामंजी एका लग्नाला निघाले. कडक इस्त्रीचा पटका, आणि कानाच्या पाळीत अत्तराचा हा एवढा कापसाचा फाया! वास उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत. म्हैससुद्धा वळून बघत होती.

मी आत्याबाईंना विचारलं, "मामांच्या वासाला नाग येत नाही का?"

"गडीमानसाचं येगळं असतंय," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

वेगळं असतंय! नागाला बाई आणि गडी कळतो तर. त्यात नागपंचमी आली. भावासाठी म्हणून आम्ही सगळ्या बायकांनी नागाचा उपास धरला. नाग आमचा भाऊ, असं गाणं म्हणत झोका घेतला. दोरीला लटकून मी मनात धुमसत होते. ज्याला भाऊ म्हणायचं, त्याचाच धाक घालून आम्हाला घाबरवायचं, हा कुठला न्याय?

खरा भडका उडाला तो तुळशीचं लग्न झाल्यावर. धाकट्या नणंदेला बघायला इस्लामपूरकडची माणसं येणार होती. घर सारवलं, पोह्यांची तयारी झाली. मी नणंदेची वेणी घालत होते. तेवढ्यात आत्याबाई ट्रंक उघडून आल्या. त्यांच्या हातात माझी कुपी. त्यांनी लेकीच्या दोन्ही मनगटांना, गळ्याला, पदराला अत्तर लावलं, हात जरासुद्धा न आखडता. माझं मागचं अंगण त्या पोरीच्या अंगावर सांडत होतं आणि मी वेणीला रिबन बांधत होते. डोळे भरून आले. दुःखाने नव्हे, संतापाने.

पाहुण्यांत एक म्हाताऱ्या बाई होत्या. पोरीनं पोह्यांची बशी पुढे केली तशी त्या खुश होऊन म्हणाल्या, "बया, कसला ग्वाड वास! कुटलं सेंट?"

कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "माझं आहे. माझ्या नवऱ्यानं आणलंय." मामंजींनी चहा बशीत ओतायचा तो कपातच ठेवला.

पाहुणे गेल्यावर आत्याबाईंनी मला आत घेतलं. मला वाटलं, आता पूजा होणार. मीच आधी तोंड उघडलं. "आज नाग आला नाही, आत्याबाई. तो काय इस्लामपूरच्या पाहुण्यांना घाबरला?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "नागाला कोन भितंय? तुजा नवरा हितं न्हाई. वास आला की मानसं बघत्यात. मग बोलत्यात. मी बी फौजीचीच बायकू हुते. मला बी ह्यांनी आनलं हुतं एकदा. माज्या सासूनं उकिरड्यावर वतलं."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही, उलट जास्तच राग आला. "मग नागाचं नाव का घेता? माणसांचं घ्या की!"

त्यांनी कुपी माझ्या पुढ्यात आदळली. "घे. लाव. उद्या कुनी काय म्हनलं तर मला सांगत येऊ नगंस."

मी रोज लावलं. पाण्याला जाताना, बाजाराला जाताना, एसटीडीच्या बूथवर नवऱ्याशी बोलायला जाताना. कुजबुज झाली. कुणी कुणी वाटेत मुद्दाम खाकरलं. मी घरी येऊन आत्याबाईंना काहीही सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पुढच्या पंचमीला, त्या काळच्या रीतीप्रमाणे, नाग पकडणाऱ्या मंडळाची माणसं मडक्यात जिवंत नाग घेऊन आमच्या दारात आली. मागोमाग बघ्यांची ही गर्दी. नाग अंगणात सोडला, समोर मडकं हलवलं, तसा त्यानं फणा काढला. घरची सून म्हणून पूजेला मी पुढे झाले. कुपीत उरलेलं सगळं अत्तर मी त्या दिवशी अंगावर घेतलं होतं. आत्याबाई माझ्या शेजारी लाह्यांचं ताट धरून उभ्या होत्या आणि नागाकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत होत्या. इतकं बोलूनही भीती रक्तातून गेली नव्हती.

मी वाकून हळदकुंकू वाहिलं. वाऱ्यानं वास सगळ्या अंगणात पसरला. नाग समोरच्या मडक्याकडेच बघत डुलत राहिला. माझ्याकडे त्यानं मानसुद्धा वळवली नाही. मागच्या गर्दीतल्या गड्यांनी मात्र एकजात वळवली. एकानं नाक वर करून दुसऱ्याला कोपर मारलं आणि दोघं हसले.

ते मी पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं. त्या पुढे आल्या. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या कडाडल्या, "काय बगताय रं? नागाला बगाय आलाय न्हवं? मग त्याच्याकडं बगा की!"