चुलीवर भाजलेला दगड

आमची आई आनंदीबाई म्हणजे जामसंड्यातली एक नंबरची घाबरट बाई. वीज चमकली की टीव्हीची पिन काढणार, कोणी शिंकलं तरी देवाला नारळ बोलणार. मी तिची लेक अक्षया, वैतागून ओरडते, "आये, माका जरा जगूक दी गो!"

माझा भाऊ देवेश दगडांवर पीएचडी करतोय. फोंडाघाटाजवळ एका विहिरीच्या खोदाईत निघालेला चिकणमातीचा दगड त्याने पिशव्या भरभरून घरी आणला, "सावलीत सुकव" म्हणून आईला बजावलं आणि कोल्हापूरला गेला. विहीर नंतर बांधून झाली. तो दगड आता पुन्हा मिळायचा नाही.

ऐन श्रावणात सावलीत काय सुकणार, कप्पाळ! आमच्याकडे पावसात कपडे, खोबरं, सुकी मासळी, सगळं चुलीवरच सुकतं. पिशव्यांवर बुरशी धरली, तशी देवेश रागावेल या धास्तीने आईची झोपच उडाली. तिने सगळे तुकडे लोखंडी तव्यावर घातले आणि भुईमूग भाजावा तसे भाजून काढले. नंतर ते देवेशच्या प्रयोगशाळेत गेले.

परवा तो घरी आला तो नाचतच.

"अक्षया, दगडातली माती तापली काय तिची पाण्यात फुगायची ताकद जाता. त्येच्यावरसून समाजता, जमिनीखाली दगड किती तापलेलो. हो दगड तर भलतोच तापलेलो! माझे पीएचडीचे सर खूश आसत. उद्या परिषदेत मांडूचा आसा."

पेज वाढता वाढता आई थांबली. तोंड पांढरंफटक.

"देवेशा... तो ताप माझ्या चुलीचो आसा रे."

मी जीव मुठीत धरून बसले. आता हा घर डोक्यावर घेणार! पण तो ओरडलाच नाही. उठला, दार लावलं आणि अगदी हळू म्हणाला, "आये, ह्यां कोणाक सांगू नको."

ओरडला असता तर परवडलं असतं. पोराची पदवी गेली तर, पुढे नोकरीच लागली नाही तर, सगळं आईच्या तोंडावर दिसत होतं. तिने ताटाजवळचा त्याचा मोबाइल उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"माका खूप भीती वाटता रे," ती म्हणाली. "पण सरांचो नंबर लाव. माका लावूक येना नाय."