विहीर आठवणारी मेंढी

बीड बायपासच्या पलीकडं आमची सोसायटी आहे. दिवाळीनंतर एक धनगर बाई मेंढ्या घेऊन तिथून जायची. खांद्यावर आडवी काठी, काखेत कोकरू. कॉलन्यांची नावं तिला येत नसत. गारखेड्याकडची बारव, देवळाईचा ओढा, अशा पाण्याच्या जागांवरून ती शहर ओळखायची. दरवर्षी तिची एक म्हातारी मेंढी आमच्या गेटपाशी थांबायची आणि तिच्यामागं सगळा कळप.

गेल्या वर्षी मी वैतागून विचारलं, "मावशी, इथंच का थांबवता यांना?"

"मी नाय थांबवत, दादा. तुमची गाडी हाय ना, तिथं विहीर व्हती. शेताचा मालक पाणी पाजू द्यायचा. हिच्या अजून ध्यानात हाय." मग त्या मेंढीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "दोन बादल्या मिळतील का?"

"आज टँकर आला नाही," मी म्हणालो. तो खरंच आला नव्हता, पण टाकी अर्धी भरलेली होती.

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणत तिनं मेंढीला हातानं ढकलत पुढं नेलं.

ते वर्षभर डोक्यात राहिलं. यंदा घंट्या ऐकू येताच मी दोन बादल्या भरून गेटबाहेर ठेवल्या. बाई ओळखीचं हसली.

"ह्यांना इथलं काय ठावं नाय, दादा. जिला ठावं व्हतं ती मेली औंदा."

भरल्या बादल्यांशेजारून कळप न थांबता पुढं गेला.