नानांचा टीव्ही रस्त्यात आहे

माझ्या साडूंना, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, या पृथ्वीतलावर कुणीही फसवू शकत नाही, हे जळगावात सर्वमान्य होतं. आणि ते सर्वमान्य करण्याची मेहनत प्रामुख्याने त्यांनी स्वतःच घेतली होती. सगळे त्यांना नाना म्हणत. एका जिनिंग फॅक्टरीत ते कापसाचे ग्रेडर होते. कापसाची गाडी फाटकातून आत आली की गाडीवाला वरचा पांढराशुभ्र कापूस कौतुकाने दाखवी. नाना तिकडे बघतसुद्धा नसत. ते बाही दंडापर्यंत सरकवत, गाडीच्या पोटात काखेपर्यंत हात खुपसत आणि तळातला मूठभर कापूस बाहेर काढून म्हणत, "पाणी मारेल शे." वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारण्याची विद्या आमच्याकडे जुनी आहे. पण नानांच्या हातापुढे ती कधी टिकली नाही. "वरलं बठ्ठं चांगलंच ऱ्हास, भाऊ," ते मला सांगत, "खाल काय शे ते दखा."

हे तत्त्वज्ञान फॅक्टरीच्या फाटकाशी थांबलं असतं तर आम्हा नातेवाइकांचं आयुष्य सुखाचं झालं असतं. पण नाना भाजीबाजारात गेले की वांग्यांच्या पाटीत कोपरापर्यंत हात घालत, आणि त्यांना पाहताच निम्म्या भाजीवाल्या पाटीवर पदर टाकत. लग्नाच्या पंगतीत ते बुंदीच्या टोपल्यातली तळची बुंदी मागत. माणसांचीही तीच गत. ग्रेडर कापसाचा धागा चिमटीत धरून हळूहळू ओढतो आणि तो कुठे तुटतो ते पाहतो, तसे नाना माणसाला बोलतं करून ओढत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव, मामाकूळ, झोपेत घोरतो का इथपासून शेतात बांधाचं भांडण आहे का इथपर्यंत तासभर ओढलं आणि शेवटी आत जाऊन माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना मोठ्याने निकाल दिला, "धागा आखूड आहे, पण चिवट आहे. चालेल." माझ्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी बायकोला राग आला की ती या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा म्हणते.

तर अशा माणसाला बक्षीस लागलं, आणि तेही माझ्या फोनवर. सात वर्षं यादीत नाव राहिल्यानंतर, म्हणजे नव्वद सालानंतर केव्हातरी, आमच्याकडे टेलिफोन आला होता. तो काळा ठोकळा घरात आला आणि आमच्या घराची धर्मशाळा झाली. गल्लीतल्या प्रत्येकाने आपल्या पाहुण्यारावळ्यांना आमचा नंबर 'पी.पी.' म्हणून दिला. फोन वाजला की मी लुंगी सावरत कुणाच्या ना कुणाच्या दाराशी धावायचो. नाना दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्यांनी एका आनंदमेळ्यात कसलंसं कूपन भरलं, त्यावर आमचा पी.पी. नंबर टाकला, आणि ते विसरून गेले.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या लेकीचं, शैलाचं, लग्न जुळण्याच्या बेताला आलं होतं. मुलगा धुळ्याचा, इंजिनिअर. त्याचे वडील साक्रीकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. ताठ, करडे, बोलणं अगदी पुस्तकातलं. पाहण्याचा कार्यक्रम झाल्यावर त्यांनी माझा फोन नंबर वहीत उतरवून घेतला आणि म्हणाले, "विचारविनिमय करून दोन-तीन दिवसांत दूरध्वनीने कळवतो." याआधी दोन ठिकाणांहून 'कळवतो' म्हणून कळवलं नव्हतं. शैला रोज सकाळी फोन पुसायची आणि त्यावरचा क्रोशाचा रुमाल सरळ करायची. एकदा तर रिसीव्हर उचलून आवाज येतो का, तेही तिने पाहिलं. मी पाहतोय हे दिसल्यावर म्हणाली, "धूळ होती, दादा."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला लांब घंटा वाजली. बाहेरगावचा फोन! बायकोने देवापुढे हात जोडले, मी सदऱ्याची वरची गुंडी लावली. फोन असूनही. रिसीव्हर उचलला तर दिल्लीहून कुणी गोड गळ्याचा गृहस्थ नानांना विचारत होता. मी धावत जाऊन नानांना आणलं. ते फोनमध्ये ओरडून बोलत. दिल्ली लांब आहे हे त्यांना ठाऊक होतं. "क्या? रंगीत टीव्ही? मेरे को?" मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून डोळे मिचकावले. "भाऊ, पाणी मारेल शे."

पॅकिंगचा आणि विम्याचा खर्च मनीऑर्डरने पाठवायचा, बातमी गुप्त ठेवायची, अकरा ते बारा फोन मोकळा ठेवायचा, की टीव्ही घरपोच. एखाद्याने तिथेच फोन आपटला असता. नानांनी आमच्या घरी मुक्कामच ठोकला. रोज अकराला पाच मिनिटं असताना ते पानाचा डबा घेऊन येत, आमच्या आरामखुर्चीत बसत आणि घंटेची वाट बघत. "मनीऑर्डर कलच करता हूँ," ते त्याला सांगत, "और हमारे गल्ली में आठ घर है, सब को टीव्ही होना." आठ घरांचं नाव ऐकून तो बिचारा दिल्लीहून पूर्ण दराच्या वेळेत रोज फोन करी. मग नाना धागा ओढायला लागत. टीव्हीला बटणं किती? शटर लाकडी की पत्र्याचं? "उपर से सब अच्छाच रहता साहेब, टीव्ही का बुड कैसा है वो बोलो." एक दिवस म्हणाले, टीव्ही चालू करून फोनजवळ धरा, आवाज ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच गाणं ऐकवलं. नानांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, "ये तो रेडिओ है. लेकिन अच्छा है. दुसरा लगाव." मध्येच ते त्याच्या आईचा गुडघा कसा आहे विचारत, त्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगत आणि हिवाळ्यात भरीत खायला यायचं निमंत्रणही देत. तेही खरं असे. लबाड झाला म्हणून काय, हिवाळ्यात माणसाने भरिताशिवाय राहावं असं नानांना वाटत नसे.

इकडे माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. हेडमास्तरांसारखा शिस्तीचा माणूस फोन करणार तर सकाळी अकरालाच करणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. अकरा ते बारा आमचा फोन गुंतलेला. 'फोनसुद्धा उचलत नाहीत, हे मुलगी काय देणार?' असं धुळ्यात कुणी म्हणतंय, हे मला दाढी करताना स्पष्ट ऐकू यायचं. बरं, आपण होऊन फोन करावा तर मुलीकडच्यांनी निकाल विचारायचा नाही, ही रीत. विचारलं की मुलगी जड झालीय असा अर्थ. मी दोनदा धुळ्याचा नंबर फिरवला आणि शेवटचा आकडा राहिला असताना खाली ठेवला.

"त्यांना सांगा ना, आता पुरे म्हणून," बायको कुजबुजायची.

"तुझे दाजी आहेत, तू सांग."

"साडू तुमचे आहेत."

शेवटी मीच धीर करून म्हणालो, "नाना, धुळ्याचा फोन यायचाय." नाना म्हणाले, "येऊ द्या की. मी घेईन!" त्या कल्पनेने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी सव्वाअकराला दार वाजलं. दारात हेडमास्तर. एकटे, हातात कापडी पिशवी, टोपीवर एस.टी.ची धूळ. आत नाना गरजत होते, "टीव्ही उलटा करो! उलटा! नीचे क्या लिखा है, पढो!" मी सरांना कसंबसं खुर्चीत बसवलं. त्यांनी घसा साफ केला. "दूरध्वनी करणार होतो. परंतु आमचा फोन सध्या मोकळा ठेवावा लागतो. म्हणून समक्ष आलो. मंडळींना फोनजवळ बसवून आलोय." हे काय प्रकरण आहे ते मला कळेना. पण होकार सांगायला माणूस एवढ्या लांब येतो की नकार सांगायला, एवढाच हिशेब डोक्यात चालला होता. शैला स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती.

सरांचं लक्ष मात्र आमच्याकडे नव्हतं. ते नानांचं बोलणं ऐकत होते. टीव्ही. पॅकिंग. विमा. मनीऑर्डर. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला.

"कोण आहेत फोनवर?" त्यांनी हळूच विचारलं.

नानांना तर श्रोता हवाच होता. रिसीव्हरवर हात ठेवून ते आनंदाने म्हणाले, "लबाड आहे, सर! दिल्लीचा. आठ दिवस झाले खेळवतोय. असल्यांना मनीऑर्डरी पाठवणारी गाढवंसुद्धा आहेत जगात!"

सर उठले. ते आता पिशवी उचलून निघणार असं मला वाटलं. पण त्यांनी हात पुढे करून नानांकडून फोन घेतला, टोपी काढली आणि अत्यंत शुद्ध हिंदीत म्हणाले, "महोदय, मैं धुळे से बोल रहा हूँ. हमने राशि पिछले महीने भेजी थी. पार्सल निकला क्या?"

पलीकडे काय झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. दिसलं मात्र. सर बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरून उभे होते. चाळीस वर्षं पोरांना 'सत्य बोला' शिकवलेला तो माणूस आता परक्या घरात, होणाऱ्या सुनेसमोर उभा होता आणि फोन खाली कसा ठेवायचा हे त्याला सुचत नव्हतं. मला कळून चुकलं, की संपलं. ज्या घरात आपली अशी शोभा झाली त्या घरची मुलगी कुणी करत नाही. त्या घराकडे पुन्हा कुणी बघतही नाही.

नाना त्यांच्याकडे बघत होते. धागा चिमटीत धरल्यासारखे. मग ते पुढे झाले, रिसीव्हर अलगद काढून जागेवर ठेवला आणि आरामखुर्चीत मटकन बसले.

"ठेवला ना त्याने?" नाना म्हणाले. "माझ्याशीपण तेच करतो, सर. पैशाचं काढलं की ठेवतो."

"म्हणजे?"

"गाढव म्हणालो ते मला स्वतःला हो. मीपण पाठवून बसलोय. दोनदा! हे सगळं नाटक परत मिळवायला चाललंय. घरात कुणाला सांगितलं नाही. आज तुमच्यामुळे तोंडातून निघालं."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातून बशी पडली. माझ्या जिभेवर 'अहो नाना' आलं होतं. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते मी गिळलं.

सर खाली बसले. "तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले. "तुम्ही तर ग्रेडर ना?"

"ग्रेडरच. तीस वर्षं तळातला कापूस पाहिला आणि वरच्या टीव्हीला भुललो."

सरांचे खांदे हळूहळू खाली आले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. आईच्या बोलीत, अगदी बारीक आवाजात ते नानांना म्हणाले, "घरमा पैसानं कोणले माहीत नही. सांगू नका." आणि नाना म्हणाले, "तुम्हीबी नका सांगू." मग शैलाने पाणी आणलं. सर तांब्याभर पाणी प्यायले आणि पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. पुडा आधीपासूनच पिशवीत होता! आठ दिवस मी ज्याच्यासाठी झुरलो तो होकार त्या कापडी पिशवीत माझ्यासमोरच बसला होता. फक्त तो बाहेर निघेल की तसाच धुळ्याला परत जाईल, एवढाच प्रश्न होता.

सर गेल्यावर मी नानांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. नानाच म्हणाले, "भाऊ, आयुष्यभर लोकांनी मारलेलं पाणी धरलं. आज मी मारलं. वजन वाढलं का नाही?"

त्या पाण्याची किंमत मात्र त्यांनी चांगलीच मोजली. सरांचं गुपित तिथेच राहिलं, पण नानांच्या फसवणुकीची बातमी माझ्या बायकोने थोरल्या बहिणीला, अक्कांना, सांगितली आणि अक्कांनी उरलेल्या खानदेशाला. फॅक्टरीच्या ज्या फाटकात नानांच्या हाताला गाडीवाले चळाचळा कापत, त्याच फाटकात आता ते बैल थांबवून विचारत, "नाना, टीव्ही उना का?" आणि गाडीच्या पोटात काखेपर्यंत हात घातलेले नाना मान वर न करता सांगत, "रस्तामा शे." लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हाच प्रश्न केला. मी पाहिलं, सर मान खाली घालून ताटात बघत होते आणि नाना सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते. पुढे सर दर हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने धुळ्याहून यायचे. दोघं ओट्यावर बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. एकाच गाडीतून पडलेल्या माणसांसारखे. सर वारले तेव्हाही नाना आपल्याबरोबर फसले होते, हा त्यांना धीर होता.

नाना आजारी पडले तेव्हा मी एकदा म्हणालो, "आता तरी अक्कांना खरं सांगा. सर तर गेले." उशीवरून त्यांनी हात हलवला. तो हात आता मनगटाशी काडीसारखा झाला होता. "राहू द्या," म्हणाले. "एकदाच पाणी मारेल शे, भाऊ. वाळू देऊ नका."

मी अजून वाळू दिलेलं नाही. अक्का आता थकल्या आहेत, आमच्याकडेच असतात, वाचणं सुटलं आहे, म्हणून एवढं लिहायचा धीर झाला. गल्लीत एखादा टेम्पो थांबला की त्या खाटेवरून अजूनही मला हाक मारतात, "भाऊ, बघा बरं, ह्यांचा टीव्ही आला का?" मग स्वतःच हसतात, पदर डोळ्यांना लावतात आणि म्हणतात, "फार भोळे होते हो. कुणीही फसवावं." मी दारापर्यंत जातो, टेम्पोकडे बघतो, आणि परत येऊन सांगतो, "रस्त्यात आहे, अक्का."