यरीहोचा उतार

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब कुणाच्या तरी देणगीवर पवित्र भूमी बघून आले आणि अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या उपासनेच्या हॉलमध्ये त्यांनी स्लाइड्स दाखवल्या. नव्वदीची सुरुवात होती. भिंतीवर पांढरी चादर आणि जवळपास प्रत्येक स्लाइडमध्ये पाळकसाहेब. उंटावर पाळकसाहेब, यार्देन नदीत पाय सोडून पाळकसाहेब. त्यांच्या खांद्यामागून डोंगर, दरी, वाळवंट कसंबसं डोकावायचं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, मला मागचंच बघायचं होतं. पण स्लाइडमधल्या माणसाला ‘जरा सरका’ म्हणता येत नाही.

यरुशलेमहून यरीहोला जाताना बसमध्ये आपले कान अचानक बंद झाले, असं त्यांनी आवाज बारीक करून सांगितलं. “अंधाराच्या शक्तींचा दबाव होता तो. मी प्रार्थना केली, आणि कान उघडले!” मंडळी गहिवरली. मी तोंडात पदर कोंबला. यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, एका प्रचंड खड्ड्यात. बस भराभर उतरली की हवेचा दाब वाढतो. खंडाळ्याचा घाट उतरताना एसटीतल्या सगळ्यांचेच कान बंद होतात, त्यासाठी कुणी सैतानाला वेठीला धरत नाही. तेव्हा मी हसून सोडून दिलं.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याला लुटलं. आनंदनगरच्या कंपनीत पहिली पाळी संपवून तो सायकलवरून अंबरनाथकडे येत होता. वळणावर तिघांनी अडवलं. सायकल नेली, घड्याळ नेलं, जेवणाचा रिकामा डबासुद्धा नेला, आणि पाय मोडून त्याला भर उन्हात टाकून गेले. बाजार उरकून वाडीवर परतणाऱ्या दोन ठाकर बायकांनी त्याला सावलीत ओढलं, आणि एकीने रस्त्यात उभं राहून टेम्पो थांबवला. “आमी खाली बाजारला गेलताव, येताना ह्यो दिसला,” एवढंच तिने मला इस्पितळात सांगितलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला काढला: एक मनुष्य यरुशलेमहून खाली यरीहोस जात असता लुटारूंनी त्याला अर्धमेला करून टाकलं, मंदिरातला याजक त्याला बघून पुढे निघून गेला, आणि परक्या जातीच्या शोमरोन्याने त्याला उचललं. मला वाटलं, त्या दोघींबद्दल बोलतील. छे! ते पहिल्याच वाक्यातल्या ‘खाली’ या शब्दावर चढून बसले. “यरुशलेम म्हणजे देवाचं घर. ते सोडून हा मनुष्य कुठे चालला? खाली! देवाकडे पाठ फिरवून खाली उतरलात, की वाटेत लुटारू भेटणारच!” नाव घेतलं नाही, नजर मात्र माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. रविवारची ड्युटी लागली की नवऱ्याची उपासना चुकायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग घरी रांग लागली. एकेक जण संत्री घेऊन यायचा आणि वर उपदेशही सोडून जायचा. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून नवरा मुकाट मान डोलवायचा. हळूहळू तोच म्हणायला लागला, “माझंच चुकलं गं.” जेवताना म्हणायचा, मध्येच पुस्तकातून मान वर करून म्हणायचा. लुटारूंनी त्याची सायकल नेली होती, या भल्या माणसांनी त्याचा ताठ कणाच नेला. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

बायबल अभ्यासाच्या दिवशी मी शाळेतला ॲटलास काखोटीला मारून गेले. पाळकसाहेबांसमोर नकाशा उघडून म्हटलं, “साहेब, खाली म्हणजे उतार. माथेरानहून नेरळला उतरणारा काय पापात पडतो? त्याच उतारावर तुमचे कान बंद झाले होते.” मागे कुणीतरी खुदकन हसलं. “आणि याच दाखल्यातला याजक? तोही खालीच चालला होता. म्हणजे मंदिरातलं काम उरकून घरी. मेलेल्याला शिवलो तर विटाळ होईल, मंदिरातली सेवा चुकेल, ही सबबसुद्धा त्याला उरत नाही. त्याचं काय?”

“बाई,” पाळकसाहेब गोड हसले, “भूगोल शाळेत ठेवा. इथे आत्म्याचं चाललंय.” पवित्र भूमीला जाऊन आलेला माणूस! उंटाला त्याहून जास्त कळलं असेल.

घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला साभिनय सांगितलं. तो हसला नाही. “याजकाचं काय म्हणालीस? परत सांग,” म्हणाला. मी परत सांगितलं.

“मी पडलो होतो तेव्हा पाळकसाहेबांची स्कूटर आली होती,” तो म्हणाला. वर आनंदनगरला कुणाच्या तरी नव्या गाळ्याची प्रार्थना करून ते खाली परतत होते. स्कूटर हळू झाली, त्यांनी पाहिलं, आणि गेले. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. “मला वाटलं, देवाच्या माणसानेसुद्धा थांबू नये, एवढं माझं पाप असणार.”

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर मी खाटेवर त्याच्या शेजारी बसले, ॲटलास उघडला आणि त्याचं बोट धरून यरुशलेमवर ठेवलं. डोंगराच्या तपकिरी रंगावरून ते यरीहोच्या गडद हिरव्यापर्यंत ओढत आणलं.

“म्हणजे तो माणूस नुसता रस्त्याने चालला होता?” त्याने विचारलं.

“नुसता रस्त्याने.”

“आणि खाली म्हणजे?”

“उतार.”

पाय मोडला तेव्हा न रडलेला माणूस नकाशावर बोट ठेवून रडायला लागला.