ट्रॅक्टरचा खांदा

जगातली कोणतीही वस्तू कायमची बिघडत नाही, फक्त तिचा पाठपुरावा कमी पडतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे. आणि नागपूरच्या हुडकेश्वरला मी त्याच माणसाच्या माडीवर भाड्यानं राहतो. आमचे घरमालक काकाजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात मिक्सरचीसुद्धा फाइल आहे. गेल्या उन्हाळ्यात माझा कूलर बंद पडला, तर त्यांनी आधी अर्ज मागितला. मी हसत हसत लिहून दिला. त्यांनी जराही न हसता त्यावर आवक क्रमांक टाकला. कूलर मात्र संध्याकाळपर्यंत सुरू झाला.

यंदा मे महिन्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक ट्रॅक्टर येऊन पडला. तो भिवापूरकडच्या त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊंनीही तो जुनाच घेतला होता, वर्षानुवर्षं राबवला, आणि मग तो गोठ्यामागे विसरला गेला. चाकं मातीत रुतलेली, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि सायलेन्सरला कारल्याचा वेल चढलेला. खुद्द भाऊ मांडीचं हाड मोडून धंतोलीच्या दवाखान्यात आले होते. ऑपरेशन चांगलं झालं, वॉकर मिळाला, पण भाऊ उठायलाच तयार नाहीत. काकाजींच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. "मले आन् त्या ट्रॅक्टरले एकाच भंगारवाल्याले देऊन टाक," म्हणायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, आत्ता चालले नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत. काकाजींचं शिक्षण, नागपुरातली खोली, डबा, सगळं या भाऊंच्या नांगरामागं झालेलं. त्यांनी भंगाराचा प्रस्ताव तिथल्या तिथं फेटाळला. "पहिले ट्रॅक्टरचं पाहू, भाऊ. तो उठला तं तुम्ही उठसान ना? पोळ्यापर्यंत मुदत." भाऊंनी भिंतीकडे पाहतच "हाव" म्हटलं, ते बहुधा पिच्छा सोडवायला.

मग ट्रॅक्टर ट्रकवर घालून इथं आणवला, आणि पुढे जे सुरू झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. प्रत्येक नट पुडीत, प्रत्येक पुडीवर क्रमांक, आणि पुड्या पापडांच्या डब्यात. बेअरिंग थंडीनं आकसतं आणि मग जागेवर नीट बसतं, असं मिस्त्रीनं सांगितल्यावर ते काकूंच्या फ्रीजरमध्ये गेलं. "मी मटर काढाले गेली, तं हे निघालं!" काकू दारात उभ्या राहून ओरडल्या. काकाजींनी शांतपणे विचारलं, "पुडी क्रमांक पाहिला होता का वं?"

इंजिन तर पार जाम होतं. त्यात तेल ओतून मुरू द्यायचं आणि रोज थोडं हलवून पाहायचं, एवढाच उपाय. काकाजी सकाळी पूजा आटोपली की तेल ओतत, जोर लावत आणि रजिस्टरात लिहीत, 'हालचाल नाही.' एकदा मी त्या रजिस्टरात डोकावलो. रकाने दोन होते. एकावर 'ट्रॅक्टर', दुसऱ्यावर 'भाऊ'. दोन्हीकडे ओळीनं एकवीस दिवस, 'हालचाल नाही.' माझं हसू जागच्या जागी विरलं. बाविसाव्या दिवशी पहिल्या रकान्यात 'किंचित' आलं, आणि काकाजी मला पेढा द्यायला धापा टाकत माडीवर आले. दुसरा रकाना अजून तसाच होता.

पुढे सगळे भाग जोडून झाले, पण इंजिन काही पेट घेईना. काकाजी सेल्फ मारत राहिले, ते नुसतंच कण्हत राहिलं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "हवा धरली गा डिझेलच्या नळीनं! हातपंप मार ना! इतका शिकला काहून तू?" भाऊ वॉकर धरून खिडकीत उभे होते. काकाजींना हे खरोखर ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून ते मुद्दाम चुकत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकन असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी ट्रॅक्टर काळा धूर सोडत सुरू झाला, काकूंचे वाळत घातलेले कपडे काळवंडले, आणि काकाजी वाटी घेऊन बाहेर आले. ट्रॅक्टरला खांदा कुठं असतो, यावर गल्लीत वाद पेटला. कुणी म्हणे बॉनेट, कुणी म्हणे पुढचा आस. काकाजी सरळ मागे गेले आणि जिथं नांगर जोडतात तिथं हळद चोळली. "ओझं जिथं पडते, तोच खांदा."

मग वाटीत उरलेलं लोणी घेऊन ते वॉकरला धरून उभ्या असलेल्या भाऊंकडे वळले. सदरा बाजूला सारून त्यांच्या खांद्याला चोळू लागले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अरे वेड्या, माह्या खांद्यावर आता जू कुठं हाय?"

"उतरलं, म्हणूनच तं शेकून राहिलो, भाऊ."

पोळा झाल्यावर भाऊ ट्रॅक्टरसकट गावी गेले. प्लॉटवर तेलाचा काळा डाग तेवढा उरला आहे, आणि काकाजी रोज सकाळी पूजा आटोपून उगाचच तिथं जाऊन उभे राहतात. मला ते पाहवत नाही. परवा मी माझा धडधाकट पंखा बिघडल्याचा अर्ज लिहिला आणि त्यांच्या हातात नेऊन दिला.